अर्क, उंदीर आणि मात्रा

वनौषधीच्या अर्काची विषचाचणी सुरू होते ती वनस्पतीच्या नावापासून. गुळवेलीचे उदाहरण सोयीचे आहे, कारण ती महाराष्ट्रात गावोगाव कुंपणावर, आंब्यावर, कडुनिंबावर चढलेली दिसते आणि करोनाच्या साथीत तिचा काढा घरोघर उकळला गेला. हृदयाच्या आकाराचे पान, कागदासारखी सुटणारी खोडाची साल, वरून दोऱ्यासारखी लोंबणारी हवाई मुळे ही तिची ओळख. शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्याच कुळात टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल आहे. पान जवळपास तसेच, मात्र खोडावर चामखिळीसारखे उंचवटे. खोड वाळवून त्याची पूड केली की हे उंचवटे कुठले दिसायला! म्हणून पान, खोड आणि मिळाल्यास फुलांसह ताजा नमुना दाबून, वाळवून वनस्पतितज्ज्ञाकडे पाठवला जातो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा पश्चिम विभाग असे नमुने तपासून देतो. नमुन्याला क्रमांक मिळतो, तो संग्रहात जपला जातो आणि शोधनिबंधात छापला जातो. पुढे कोणी शंका घेतली तर ताडून पाहायला काहीतरी हाती असते.

हे कागदी सोपस्कार वाटतात, पण ते चुकले की काय होते हे ब्रसेल्समध्ये दिसले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वजन घटवण्याच्या एका उपचारकेंद्रात जाणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होऊ लागली. त्यांच्या औषधात चिनी वनस्पतींची पूड होती. यादीवर स्टेफानिया टेट्रांड्रा हे नाव होते, पुडीत मात्र ॲरिस्टोलोकिया फांगची आलेली होती. चिनी व्यापारी नावांत दोघींनाही ‘फांग जी’ हे शब्द लागतात आणि घोटाळा तिथेच झाला. शंभराहून अधिक रुग्ण आढळले. अनेकांवर डायलिसिसची किंवा मूत्रपिंड बदलण्याची वेळ आली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. यातली चटका लावणारी गोष्ट अशी की त्या वनस्पतीतल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाविषयी उंदरांनी आधीच सांगून ठेवले होते. ते आम्ल पोटात दिल्यावर उंदरांना कर्करोग होतो हे जर्मन संशोधकांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले होते आणि त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत ते आम्ल असलेली औषधे बाजारातून काढून घेतली गेली होती. चाचणीत खोट नव्हती. पण पुडीवर नावच दुसरे असेल तर त्या पुडीपर्यंत चाचणीचा निकाल पोहोचणार कसा?

नाव पक्के झाले की दुसरा प्रश्न येतो, चाचणी नेमकी कशाची करायची. गुळवेलीचे खोड पाण्यात उकळून आटवले की काढा होतो. तेच ठेचून पाण्यात कोळले, गाळले आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवला की गुळवेल सत्त्व मिळते. ते मुख्यतः पिष्ट असते. काढा आणखी आटवून घट्ट केला की घन, ज्याच्या घनवट्या वळतात. खोडाची पूड मद्यार्कात किंवा मद्यार्क आणि पाण्याच्या मिश्रणात मुरवून, गाळून, द्रावक उडवून टाकल्यावर जो गडद, चिकट ऐवज उरतो तो प्रयोगशाळेतला अर्क. आयुर्वेदात अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनाने मिळवलेला द्रव, त्यामुळे वैद्याचा अर्क आणि प्रयोगशाळेतला अर्क हे नावापुरतेच सारखे आहेत. या सगळ्या वस्तू एकाच वेलीच्या, पण रसायनशास्त्राच्या नजरेने वेगवेगळ्या. पाण्यात शर्करा, क्षार, पिष्ट उतरते. मद्यार्कात कडू द्रव्ये अधिक उतरतात. हेक्झेनसारखे द्रावक तेलकट, मेणचट भाग ओढून घेते. पिढ्यान्‌पिढ्या लोक काढा पीत आले, हा अनुभव काढ्यापुरता खरा. हेक्झेनने काढलेला अर्क आजवर कुणाच्याही आजीने प्यायलेला नाही.

भारतातल्या औषध नियमांनीही हा फरक मानला आहे. २०१० मध्ये आलेल्या १५८-ब या नियमानुसार ग्रंथोक्त पद्धतीने केलेल्या आयुर्वेदिक औषधाला परवान्यासाठी नव्याने सुरक्षितता सिद्ध करावी लागत नाही. पाणी किंवा पाणी-मद्यार्क सोडून दुसरे द्रावक वापरले की मात्र तात्कालिक आणि दीर्घकालीन विषचाचणी, जनुकांवरील आणि गर्भावरील परिणाम अशा सगळ्या तपासण्या मागितल्या जातात.

अर्क तयार झाल्यावर हिशेब मांडला जातो. एक किलो वाळलेल्या खोडापासून शंभर ग्रॅम अर्क निघाला तर एक ग्रॅम अर्क म्हणजे दहा ग्रॅम खोड. डबीवर अर्काचे मिलिग्रॅम छापलेले असतात ते याच हिशेबाने वाचायचे असतात. पावसाळ्यात तोडलेल्या आणि उन्हाळ्यात तोडलेल्या खोडात द्रव्यांचे प्रमाण बदलते, म्हणून एखाद्या ठरावीक घटकाचे प्रमाण मोजून त्या घाण्याची ओळख नोंदवली जाते. जड धातूही तपासले जातात. आयुर्वेदिक औषधसंहितेनुसार दहा लाख भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भागांहून जास्त चालत नाही. ही तपासणी राहून गेली आणि अर्कात शिसे असले, तर उंदीर शिशाने आजारी पडेल आणि दोष वेलीच्या माथी येईल.

आता उंदीर. मराठीत रॅट आणि माउस दोघेही उंदीरच. इथे उंदीर म्हणजे रॅट, घरात दिसणाऱ्या चिमुकल्या उंदरापेक्षा बराच मोठा, पांढरा, लाल डोळ्यांचा. जात तीच, जगभर गटारांत आणि गोदामांत राहणाऱ्या तपकिरी उंदराची, पण शंभरहून अधिक वर्षे प्रयोगशाळेत पोसून माणसाळलेली. सर्वांत प्रसिद्ध वाण विस्टार, फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत १९०६ च्या सुमारास सुरू झालेला. दुसरा स्प्रेग-डॉले, १९२० च्या दशकात अमेरिकेतल्याच मॅडिसन शहरातला. मादी तीन आठवड्यांत विते, आयुष्य दोन-तीन वर्षांचे, म्हणजे जन्मभराचा परिणाम पाहायला संशोधकाला आपली अर्धी कारकीर्द घालवावी लागत नाही.

विषचाचणीच्या दृष्टीने उंदराची आणखी एक खोड उपयोगी आहे: त्याला उलटी होत नाही. माणूस किंवा कुत्रा नको असलेली वस्तू ओकून टाकतो आणि मग पोटात नक्की किती राहिली हा प्रश्न पडतो. उंदराच्या पोटात गेले ते गेले. उलट काही गोष्टी अडचणीच्याही आहेत. त्याला पित्ताशय नसते, पित्त सतत थेंबथेंब आतड्यात उतरत राहते. तो स्वतःच्या लेंड्या खातो, त्यामुळे न पचलेला अर्क दुसऱ्यांदा पोटात जाऊ शकतो. आणि तो निशाचर आहे. दिवसा तो सुस्त पडला म्हणून अर्काने गुंगी आली असे लिहिणारा नवखा विद्यार्थी फसतो.

उंदरांना हात लावण्याआधी परवानगी लागते. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची एक समिती प्रयोगांवर देखरेख ठेवते, आणि प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राण्यांच्या प्रयोगांसाठी नीतिसमिती असते. तिच्यात शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, केंद्राने नेमलेला सदस्य असतो आणि विज्ञानाशी संबंध नसलेली, सामाजिक भान असलेली एक व्यक्तीही असते. किती उंदीर, का इतकेच, वेदना कशी टाळणार, शेवटी त्यांचे काय करणार, हे सारे लिहून द्यावे लागते. या प्रश्नांमागे विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेली त्रिसूत्री आहे: जमेल तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा.

पहिली चाचणी तात्कालिक विषबाधेची, म्हणजे एकाच मोठ्या मात्रेची. हिचा इतिहास गमतीशीर आहे. निम्मे प्राणी ज्या मात्रेला मरतात ती मात्रा, इंग्रजी आद्याक्षरांनी एलडी ५०, ही कल्पना जे. डब्ल्यू. ट्रेवन यांनी १९२७ मध्ये मांडली ती विषे मोजण्यासाठी नव्हे, औषधांची ताकद मोजण्यासाठी. हृदयविकारावरचे डिजिटॅलिस तेव्हा झाडाच्या पानांपासूनच बनत असे, प्रत्येक घाण्याची तीव्रता निराळी निघे आणि रसायनशास्त्राला ती मोजता येत नव्हती. प्राण्यांच्या मृत्यूचा आकडा हीच मोजपट्टी होती. पुढे तीच मोजपट्टी जगातल्या यच्चयावत पदार्थांना लावली गेली आणि एकेका पदार्थासाठी डझनावारी प्राणी मेले. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, आपल्या चाचण्यांच्या यादीतून ही जुनी पद्धत २००२ च्या डिसेंबरमध्ये काढून टाकली. आता तिच्या जागी कमी प्राणी लागणाऱ्या पद्धती आहेत. भारतातल्या वनौषधींच्या शोधनिबंधांत त्यांतली ४२३ क्रमांकाची वारंवार भेटते.

या पद्धतीत एका वेळी तीनच उंदीर घेतात, बहुधा माद्या, कारण फरक असलाच तर माद्या किंचित अधिक संवेदनशील निघतात. मात्रा चार ठरलेल्या: शरीराच्या दर किलो वजनाला ५, ५०, ३०० आणि २००० मिलिग्रॅम. पदार्थाविषयी जे माहीत असेल त्यावरून सुरुवातीची पायरी निवडायची. दोन किंवा तीन उंदीर दगावले तर खालच्या पायरीवर उतरायचे. एखादाच किंवा एकही दगावला नाही तर त्याच मात्रेला आणखी तिघांना द्यायचे. गुळवेलीसारख्या, माणसे खातच असलेल्या वनस्पतीसाठी बहुतेक वेळा थेट २००० पासूनच आरंभ होतो.

दोनशे ग्रॅमच्या मादीला २००० मिलिग्रॅम प्रतिकिलो म्हणजे ४०० मिलिग्रॅम अर्क. पाण्यातले द्रावण असेल तर तिला एका वेळी फार तर चार मिलिलिटर देता येते, एरवी दोनच. चिकट अर्क पाण्यात नीट मिसळत नाही, तळाशी बसतो, म्हणून सीएमसी नावाच्या, पाण्याला दाटपणा आणणाऱ्या पदार्थात तो घोटतात. रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदराला मानेपाशी घट्ट पण हळुवार धरतात, टोकाला गुळगुळीत गोळी असलेली वाकडी सुई तोंडाच्या कडेने अन्ननलिकेत सरकवतात आणि औषध थेट जठरात सोडतात. हात कसलेला नसेल तर सुई श्वासनलिकेत जाते आणि उंदीर मरतो. तो मृत्यू अर्काचा की हाताचा, हे शवविच्छेदनात फुप्फुसे पाहून ठरवावे लागते.

मग निरीक्षण. पहिल्या अर्ध्या तासात निदान एकदा, पहिले चार तास बारकाईने, आणि पुढे रोज, चौदा दिवस. केस ताठ उभे राहिले का, लाळ गळते का, अंग थरथरते का, पोट बिघडले का, चाल अडखळते का. डोळ्यांभोवती आणि नाकाशी तांबूस डाग दिसले तर रक्त आले असे वाटते. प्रत्यक्षात ते रक्त नसून उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून पाझरणारे लालसर द्रव्य असते आणि उंदीर ताणात आहे एवढे सांगते.

सहाही उंदीर चौदा दिवस जगले की निष्कर्ष लिहिला जातो: एलडी ५० ही २००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. आणि इथेच अनेक लेखांची लेखणी घसरते. पुढचे वाक्य येते, ‘म्हणून हा अर्क सुरक्षित आहे.’ सहा निरोगी, तरुण माद्यांना एकदाच दिलेल्या एका डोसाने त्या मेल्या नाहीत, एवढेच त्या चाचणीतून कळलेले असते. रोज घेतल्यावर यकृताचे काय होईल, याचा त्यात मागमूस नसतो. मीठसुद्धा ही पायरी सहज पार करते.

खरी माहिती मिळते ती रोज मात्रा देण्याच्या चाचण्यांतून. त्यांतली छोटी २८ दिवसांची, मोठी ९० दिवसांची. २८ दिवसांच्या चाचणीत निदान चार गट असतात: एकाला नुसते सीएमसीचे पाणी, इतर तिघांना चढत्या मात्रा, समजा २५०, ५०० आणि १००० मिलिग्रॅम प्रतिकिलो. प्रत्येक गटात पाच नर, पाच माद्या, म्हणजे चाळीस उंदीर. शिवाय पाण्याच्या आणि सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटाला जोडून आणखी दहा-दहा उंदीर ठेवता येतात. त्यांची मात्रा २८ दिवसांनी बंद करतात आणि पुढचे दोन आठवडे नुसती वाट पाहतात. झालेला बिघाड आपोआप भरून येतो की कायमचा राहतो, हे त्यांच्याकडून कळते. ९० दिवसांच्या चाचणीत प्रत्येक गटात दहा नर आणि दहा माद्या लागतात.

खोलीचे तापमान २२ अंशांच्या आसपास, बारा तास उजेड, बारा तास अंधार. दर आठवड्याला वजन, खाल्लेले अन्न आणि प्यायलेले पाणी मोजले जाते. उंदराच्या तक्रारीचा पहिला कागद म्हणजे हा वजनाचा तक्ता. वाढीच्या वयातल्या उंदराचे वजन रेंगाळले की काहीतरी बिनसले आहे. मात्र अर्क खाद्यात मिसळून दिला असेल तर जपून वाचावे लागते. गुळवेल इतकी कडू की उंदीर अन्नच कमी खाईल आणि वजन घटेल ते उपासाने. चौथ्या आठवड्यात पंजांची पकड, आवाजाला दचकणे, हालचाल हेही तपासतात, कारण मज्जासंस्थेचा बिघाड रक्तात दिसत नाही.

शेवटच्या दिवशी भूल देऊन रक्त घेतले जाते. पुढचा अहवाल माणसाच्या रक्ततपासणीसारखाच दिसतो: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, साखर, प्रथिने, यकृतासाठी एसजीपीटी आणि एसजीओटी, मूत्रपिंडासाठी युरिया आणि क्रिएटिनिन. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींच्या आतले विकर. पेशी फुटल्या की ते रक्तात सांडते. त्यानंतर उंदरांना वेदनारहित मरण देऊन यकृत, मूत्रपिंडे, अधिवृक्क ग्रंथी, हृदय, प्लीहा, मेंदू, वृषणे असे अवयव काढून, चरबी सोलून तोलतात. मग ते फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, मेणात बसवून त्यांचे पाचेक मायक्रॉन जाडीचे काप काढतात आणि काचेवर घेऊन रंगवतात. केंद्रके निळसर जांभळी, बाकी पेशी गुलाबी. आधी पाण्याच्या आणि सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटाच्या काचा पाहिल्या जातात. तिथे काही सापडले तरच त्या अवयवासाठी खालच्या मात्रांच्या काचा काढतात.

सूक्ष्मदर्शकापाशी जे दिसते त्याचा अर्थ लावणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग. तपासण्या चाळीस असतील आणि शंभरात पाचदा चुकण्याची मुभा संख्याशास्त्राने दिली असेल, तर अर्क नुसते पाणी असला तरी चाळिसांत सरासरी दोन आकडे ‘लक्षणीय’ निघतात. म्हणून एकटादुकटा आकडा धरून आरडाओरडा करायचा नसतो आणि झटकूनही टाकायचा नसतो. मात्रेबरोबर बदल वाढत गेला का, नर आणि मादी दोघांत दिसला का, रक्तातल्या आकड्याला पेशींतल्या चित्राची साथ आहे का, हे पाहिले जाते. यकृत थोडे जड झाले, पेशी फुगल्या, पण एसजीपीटी जागेवर आहे आणि मात्रा थांबवल्यावर यकृत पूर्ववत झाले, तर बहुधा यकृताने अर्क निकाली काढण्यासाठी जादा काम उपसले एवढाच त्याचा अर्थ. पेशी मेल्या असतील तर गोष्ट निराळी.

उंदीर कधी उगाचच घाबरवतो. लिंबू-संत्र्याच्या सालीच्या वासातले लिमोनीन नर उंदरांना दीर्घकाळ दिल्यावर त्यांच्या मूत्रपिंडांत गाठी आल्या. शोध घेतल्यावर कळले की नर उंदराच्या यकृतात एक खास प्रथिन बनते, लिमोनीन त्याला चिकटते आणि त्याचे थेंब मूत्रपिंडात साचतात. हे प्रथिन मादी उंदरात नगण्य असते आणि माणसात ही साखळी घडतच नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मग १९९९ मध्ये लिमोनीनला माणसासाठी कर्करोगकारक न ठरवता येणाऱ्या पदार्थांत टाकले. लिंबाच्या लोणच्याची अब्रू अशी वाचली.

या सगळ्यातून एक आकडा काढला जातो: ज्या मात्रेपर्यंत कोणताही अपाय दिसला नाही ती सर्वांत मोठी मात्रा. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला नोएल म्हणतात. चाचणीची आखणी चांगली असेल तर सर्वांत वरच्या मात्रेला काहीतरी बिघडायला हवे, म्हणजे धोक्याची रेषा कुठे आहे आणि आधी कोणता अवयव कुरकुरतो हे कळते. वनस्पतींच्या अर्कांत हे पुष्कळदा घडत नाही. १००० मिलिग्रॅमलाही काही होत नाही, तीच नोएल म्हणून नोंदवली जाते आणि लेख संपतो. ही बातमी वाईट नाही. पण रेषा सापडलेलीच नसते.

हा आकडा माणसाला लावताना नुसते वजनाने गुणून चालत नाही. लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो, तो पदार्थ लवकर निकाली काढतो, म्हणून शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने रूपांतर करतात. उंदराच्या प्रतिकिलो मात्रेला ६.२ ने भागले की माणसाची प्रतिकिलो मात्रा मिळते. १००० चे १६१ होतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २००५ च्या मार्गदर्शिकेनुसार, माणसांवरच्या पहिल्या प्रयोगासाठी याला निदान दहाने भागायचे, उरले १६. साठ किलोच्या माणसाला हे दिवसाला जेमतेम एक ग्रॅम पडतात. पाचशे मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा घेणारा माणूस नेमका याच काठावर उभा असतो. ‘उंदरांना किलोमागे एक ग्रॅम देऊनही काही झाले नाही’ हे वाक्य ऐकायला प्रचंड वाटते, हिशेब केला की त्यातली ऐसपैस जागा दहापटीवर येते.

९० दिवसांनाही मर्यादा आहेत. कर्करोगाची शंका असेल तर चाचणी उंदराच्या जवळजवळ सगळ्या आयुष्यभर, म्हणजे दोन वर्षे चालते आणि प्रत्येक गटात पन्नास नर, पन्नास माद्या असतात. वनस्पतींच्या बाबतीत तिचे सर्वांत बोलके उदाहरण कोरफडीचे. कोरफडीचे पान चिरले की हिरव्या सालीलगत पिवळा, कडू, दुर्गंधी चीक सुटतो आणि आत पारदर्शक गर असतो. हाच चीक वाळवला की काळा बोळ होतो, जो मराठी घरांत पूर्वापार रेचक म्हणून ठाऊक आहे. अमेरिकेत राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने चीक न काढलेल्या अख्ख्या पानाचा अर्क उंदरांना पिण्याच्या पाण्यातून दोन वर्षे दिला. २०१३ मध्ये आलेल्या अहवालानुसार नर आणि मादी दोघांच्याही मोठ्या आतड्यात गाठी आल्या, कर्करोगाच्यासुद्धा, आणि पुरावा ‘स्पष्ट’ या दर्जाचा ठरला. त्याच अर्काने माउसमध्ये, म्हणजे छोट्या उंदरात, तसे काही झाले नाही. संशय चिकातल्या अँथ्राक्विनोन गटाच्या द्रव्यांवर आहे. कोळशातून गाळून ही द्रव्ये काढलेला, रंगहीन केलेला अर्क ही वेगळी वस्तू. अंगाला लावायचा गर त्याहून वेगळा. ‘कोरफड सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. पानाचा कोणता भाग, कसा काढलेला, तोंडाने की त्वचेवर, किती दिवस, हे सांगितल्याखेरीज प्रश्नच पुरा होत नाही.

दोन वर्षे थांबण्याआधी चाळणी म्हणून जिवाणूंवरची एम्स चाचणी करतात. साल्मोनेलाच्या खास वाणांत अर्काने जनुकबदल होतात का, हे दोन-तीन दिवसांत कळते. उंदीर यातूनही पुरता सुटत नाही: अर्कावर शरीरात होणारी प्रक्रिया बशीत घडवण्यासाठी उंदराच्या यकृतापासून काढलेला द्रव त्यात मिसळावा लागतो. गर्भावरच्या परिणामांची चाचणी गाभण माद्यांवर होते आणि नव्या औषधासाठी ती सहसा उंदरापुरती ठेवत नाहीत, सशावरही करतात. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली. उंदरांवर त्या औषधाचा तसा परिणाम फारसा दिसत नाही, सशांवर दिसतो.

आणि काही गोष्टी कोणत्याच उंदरात दिसत नाहीत. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले. समान धागा एकच होता, प्रतिकारशक्तीसाठी घेतलेली गुळवेल. यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये हे प्रसिद्ध केल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. आक्षेप रास्त जागी बोट ठेवणारा होता. चामखिळीच्या खोडाचा प्रश्न पुन्हा समोर आला. २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांतून ४३ रुग्णांचा दुसरा अहवाल आला. त्यातल्या अनेकांच्या यकृतात स्वप्रतिकारामुळे होणाऱ्या विकाराची चिन्हे होती. डॉक्टरांचा तर्क असा की शरीराची स्वतःच्याच यकृतावर उलटण्याची सुप्त प्रवृत्ती ज्यांच्यात आधीपासून होती, त्यांच्यात प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या गुळवेलीने ती जागी केली.

हा धोका उंदरांनी का दाखवला नाही? चाचणीतले उंदीर तरुण, निरोगी, एकाच वाणाचे, एकसारखे अन्न खाणारे असतात. त्यांना मधुमेह नसतो, थायरॉइडचा त्रास नसतो, ते सोबत दुसऱ्या चार गोळ्या घेत नाहीत. शिवाय आकड्यांची अडचण आहे. वीस उंदरांपैकी एकालाही काही झाले नाही, तरी खरे प्रमाण शंभरात तेरा-चौदापर्यंत असू शकते. संख्याशास्त्र याहून अधिक खात्री देत नाही. दहा हजारांत एकाला होणारा अपाय एकदा तरी दिसावा अशी बऱ्यापैकी खात्री हवी तर तीस हजारांना औषध द्यावे लागेल. इतके उंदीर कुणी वापरत नाही आणि वापरू नयेत. अश्वगंधेचेही असेच झाले. मुळांचा अर्क विस्टार उंदरांना २८ दिवस २००० मिलिग्रॅम प्रतिकिलोपर्यंत देऊनही अपाय दिसला नव्हता. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतून अश्वगंधेच्या गोळ्यांनंतर कावीळ झालेल्या पाच रुग्णांची नोंद आली. कोट्यवधी लोक जे घेतात त्यात असे रुग्ण मोजकेच असतात, पण ते उंदरांच्या पिंजऱ्यात सापडणारे नसतात.

त्यामुळे अर्क बाजारात आल्यावरही चाचणी एका अर्थाने सुरूच राहते, आता माणसांवर. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी गोळा करण्यासाठी देशभर औषधदक्षता केंद्रांची साखळी आहे. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे राष्ट्रीय केंद्र आहे. तिथे पाठवायच्या नोंदीतही रुग्णाने घेतलेले औषध, कोणत्या घाण्याचे, किती, किती दिवस, आणि सोबत दुसरे काय, हेच विचारलेले असते. कावीळ झालेला माणूस दवाखान्यात येतो तोवर काढ्याचा चोथा फेकलेला असतो आणि शेजाऱ्यांच्या कुंपणावरून आणलेल्या वेलीचे खोड कसे होते हे कुणालाच आठवत नसते. डबीतल्या गोळ्या घेतल्या असतील तर निदान डबी मागता येते, म्हणून डॉक्टर ती घेऊन यायला सांगतात.